कळपाच्या चालीने

शास्त्रपाठ : उत्पत्ति ३३:१२-१७



एसाव आणि याकोब हे दोघे भाऊ वीस वर्षांनी भेटले. गळाभेट झाली, आसवे गाळून झाली. मग एसाव म्हणाला, चल, आता बरोबरच निघू. त्याच्यासोबत चारशे माणसे होती. सडी माणसे, भराभर चालणारी. याकोबाने नम्रपणे नकार दिला. लेकरे कोवळी आहेत, मेंढ्या व गाई पिलांना पाजणाऱ्या आहेत, एकच दिवस त्यांना जास्त हाकले तर सारा कळप मरून जाईल. आपण पुढे व्हावे, मी ह्यांच्या चालीने सावकाश येईन, असे त्याचे म्हणणे पडले. याकोबाचे सारेच बोलणे सरळ होते असे नाही. सेईरास येतो म्हणाला आणि गेला सुक्कोथास! तरी ही एक गोष्ट त्याने खरी सांगितली. प्रवासाचा वेग कोणी ठरवायचा? पुढे असलेल्या चारशे जणांनी नव्हे, तर ज्याला तो प्रवास सोसायचा आहे त्याच्या ताकदीने.

हा उतारा निवडण्याचे कारण आपल्याच रस्त्यावर आहे. लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा ह्या पट्ट्यातील संत्रा हंगामात ट्रकांवर चढतो आणि दूरदूरच्या बाजारांत जातो. बोरगावच्या कारखान्यांचा मालही ह्याच रस्त्यांनी निघतो. आपल्या घरांतील किती मुलगे क्लिनर म्हणून गाडीवर चढले आणि ड्रायव्हर झाले, हे प्रत्येक मंडळीने मोजून पाहावे.

आता एका खेपेचा हिशेब करू. येथून दिल्ली सुमारे १,००० किलोमीटर. भरलेली गाडी घाट, गावे, टोलनाके धरून तासाला सरासरी ४० किलोमीटर काढते असे समजा. म्हणजे नुसते चाक फिरण्याचे २५ तास. ड्रायव्हर सोमवारी सकाळी सहाला उठतो, आठ वाजता बागेत गाडी लावतो. तोडणी उशिरा, पेट्या उशिरा, मजूर उशिरा. गाडी सुटते रात्री आठला. आणि व्यापारी सांगतो, बुधवारी पहाटे चारला माल आझादपूरच्या बाजारात लागलाच पाहिजे. सोमवारी रात्री आठ ते बुधवारी पहाटे चार म्हणजे ३२ तास. त्यांतून २५ वजा करा. उरलेल्या सात तासांत जेवण, डिझेल, पंक्चर, वाटेतला खोळंबा आणि दोन रात्रींची झोप! हा हिशेब कागदावर कोणी मांडत नाही म्हणूनच तो चालतो. दिवसभर बागेत ताटकळत काढलेले बारा तास तर कोणाच्याच खाती जमा होत नाहीत. गाडी उभी म्हणजे ड्रायव्हर रिकामा, असे आपण सहज बोलून जातो.

मद्यपानाविरुद्ध आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळ उपदेश होतो, आणि व्हावा. पण १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एक गोष्ट दाखवून दिली. १७ तास सलग जागलेल्या माणसाचे डोळे व हात, रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतके मंदावतात. आपल्या देशाच्या कायद्याने ३० मिलिग्रॅमच्या पुढे गाडी चालविणे गुन्हा आहे. सोमवारी सकाळी सहाला उठलेल्या आपल्या ड्रायव्हरचे १७ तास त्याच रात्री अकराला भरतात. तेव्हा गाडी सुटून तीनच तास झालेले असतात. थेंबही न शिवलेला, प्रार्थना करून निघालेला आपला भाऊ मध्यरात्रीनंतर मद्यप्यासारखी गाडी चालवीत असतो, आणि त्याबद्दल आपण अवाक्षर काढीत नाही.

कायदा झाला नाही असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास व आठवड्याला ४८ तास काम ठरविले होते. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा आणि आठवड्यात एक दिवस सुटी, हेही त्यात होते. पुढे तो कायदा २०२० च्या कामगार संहितेत सामावला. पण मुळात तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी होता. आपल्या गावचा एक-दोन गाड्यांचा मालक त्यात बहुधा येतच नसे. सरकारी ई-वे बिल ज्या मालाला लागते, त्याची मुदत २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. म्हणजे हजार किलोमीटरला पाच दिवस. मग पाचाचा दीड दिवस केला कोणी? मध्यप्रदेशातील परिवहन नाके १ जुलै २०२४ पासून बंद झाले. तेथे वाचलेला वेळ ड्रायव्हरच्या झोपेत जमा झाला, की पुढच्या खेपेत?

शब्बाथाची आज्ञा अनुवाद ५:१४ मध्ये नीट वाचा. ती आज्ञा दासाला उद्देशून नाही, धन्याला उद्देशून आहे. तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींसही विसावा मिळावा, असा तिचा हेतू तेथेच सांगितला आहे. थकलेल्याने स्वतःचा विसावा मागून घ्यावा असे देव म्हणत नाही. जो काम सांगतो त्याच्याकडून तो त्याचा हिशेब मागतो. खेपेवर पैसे मिळणारा ड्रायव्हर झोप मागणार तरी कशी? झोपला तर खेप बुडते, आणि नाही म्हणाला तर गाडीवर दुसरा बसतो.

याकोबाला हे कळले, कारण तो स्वतः चाकरीत होता. उत्पत्ति ३१:४० मध्ये तो लाबानाला सुनावतो की दिवसा उन्हाने आणि रात्री थंडीने मी झिजलो, माझ्या डोळ्यांना झोप म्हणून लागली नाही. पुढे तो धनी झाला, पण आपली उडालेली झोप विसरला नाही. क्लिनरचे ड्रायव्हर आणि ड्रायव्हरचे गाडीमालक झालेले बंधू आपल्यात आहेत. आपण कोणाच्या चालीने हाकतो, हे त्यांनी एकांतात स्वतःला विचारावे. बागवान बंधूंनीही विचारावे. तोडणी आदल्या दिवशी झाली तर गाडी सकाळीच भरेल. लांबच्या खेपेला दोन ड्रायव्हर दिले तर दोन पैसे कमी सुटतील, इतकेच.

कोणी म्हणेल, आम्ही गाडीवर हात ठेवून प्रार्थना करतो, प्रभू सांभाळील. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सैतानाने आपल्या प्रभूला सुचविले होते, आणि प्रभूने त्याला काय उत्तर दिले ते आपल्याला ठाऊक आहे. न झोपलेल्या माणसाच्या हाती चाक देऊन मग देवावर भार टाकणे ह्याला मी विश्वास म्हणू शकत नाही.

रविवारी पहाटे खेपेवरून घरी आलेला भाऊ उपासनेला दिसला नाही तर आपण भुवया उंचावतो. रतामाच्या झाडाखाली पडलेल्या एलीयाला देवाने काय दिले? आधी झोप, मग भाकर आणि पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. पुढचा प्रवास ह्याला झेपणार नाही, हे ओळखून दूताने त्याला खाऊ घातले (१ राजे १९:५-८). देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर. पाळकांनी त्या भावाच्या घरी सायंकाळी जावे, सकाळी नव्हे. आणि घरच्यांनी गाडी चालू असताना वारंवार फोन करून कोठे पोहोचलात, कधी येता, असे विचारू नये. थांबाल तेथून कळवा, एवढे सांगितले की पुरे.

सुक्कोथास पोहोचल्यावर याकोबाने स्वतःसाठी घर बांधले आणि गुरांसाठी खोपट्या घातल्या. त्या गावाला नाव पडले ते त्या खोपट्यांवरून, याकोबाच्या घरावरून नव्हे. ह्या हंगामात ज्यांच्या बागेत गाडी लागेल त्यांनी झाडाच्या सावलीला एक बाज टाकावी, पाण्याचा माठ भरून ठेवावा, आणि पेट्या भरून होईपर्यंत ड्रायव्हरला हाक मारू नये, असे मजुरांना सांगून ठेवावे.