मागून येणाऱ्यांचे ऋण

स्काउट पथकात एकाच वेळी पुष्कळ लहान मुले दाखल झाली की थोरली मुले कुरकुरतात. ‘आमची भटकंती आता रखडते,’ ही त्यांची तक्रार खोटी नसते. मग लहानांना सामावून घेताना आपण थोरल्यांवर अन्याय करतो काय?

1907 साली ब्राउनसी बेटावरील पहिल्या शिबिरात बेडन-पॉवेल यांनी सुमारे 20 मुलांच्या चार तुकड्या केल्या व प्रत्येक तुकडी तिच्यातीलच एका थोरल्या मुलाच्या हाती सोपविली. पुढे धाकट्या भावांनीही हट्ट धरला, तेव्हा 1916 साली त्यांच्यासाठी ‘कब’ ही निराळी शाखा निघाली. पहिल्या गोष्टीत थोरल्यांवरील विश्वास आहे, तर दुसरीत धाकट्यांच्या वयाची कदर.

म्हणून अगदी लहानांना कब शाखेत घ्यावे. उरलेल्या नवागतांचा वेगळा घोळका न करता दर तुकडीत दोघातिघांना सामावून घ्यावे, आणि गाठी मारावयास त्यांना थोरल्यांनीच शिकवावे. मात्र अधूनमधून एखादी लांबची मोहीम केवळ थोरल्यांसाठी राखून ठेवावी. त्यांचा तो हक्कच आहे.

वाचकहो, ज्याला आज गाठ मारता येते, त्याचाही हात एके काळी कोणीतरी धरलेला असतो. ते ऋण देणाऱ्याला परत करता येत नाही; ते मागून येणाऱ्यापाशीच फेडावे लागते.