वैमानिकाला सांगू नका

६ मे २०२१ ला रुग्णाला घेऊन निघालेलं एक छोटं विमान नागपूरहून उडालं आणि उडतानाच त्याचं एक चाक निखळलं. बीचक्राफ्टचं सी-९०, दोन प्रोपेलरचं. आत रुग्ण, त्याचा नातेवाईक, डॉक्टर आणि विमानाचे कर्मचारी, मिळून पाच जण. रात्री नऊच्या सुमारास ते मुंबईच्या धावपट्टीवर पोटावर उतरवलं. एका बाजूला चाक आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं टेकलं तर विमान कलंडून फिरू शकतं. पोटावर निदान सरळ घसरतं. आगीच्या भीतीने खाली फोम पसरला होता. पाचही जण सुखरूप बाहेर आले. वैमानिक कॅप्टन केसरी सिंग यांचं तेव्हाच्या नागरी उड्डाण मंत्र्यांनी जाहीर कौतुक केलं.

बातमी वाचताना माझं मन मात्र स्ट्रेचरवरच्या माणसापाशी अडकलं. फोम पसरायला, बंब उभे करायला वेळ लागतो. तो वेळ कोणाचा असतो? विमान भाड्याने घेतलं जातं तेच मुळी मिनिटं वाचवण्यासाठी.

हवाई रुग्णसेवेत, विशेषतः अमेरिकेतल्या हेलिकॉप्टर सेवांमध्ये, एक पद्धत आहे. जायचं की नाही हे ठरेपर्यंत वैमानिकाला रुग्णाबद्दल काही सांगत नाहीत. वय नाही, आजार नाही. कुठून कुठे जायचं, वजन किती, हवा कशी आहे, एवढंच. कारण सरळ आहे. भाजलेलं लहान मूल वाट बघतंय हे कळलं, की एरवी ज्या धुक्यात तो उडाला नसता, ते धुकं त्याला थोडं विरळ दिसायला लागतं. रात्रीच्या आणि खराब हवेतल्या अपघातांतून आलेलं हे शहाणपण आहे.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा राग आला होता. जुनाच राग.

बाबांना बीडहून संभाजीनगरला नेत होतो, ॲम्ब्युलन्सने, रात्री. मी चालकाशेजारी बसलो होतो. दर पाच मिनिटांनी मागे बघायचो आणि त्यांना सांगायचो, "काका, ऑक्सिजन अजून खाली आलाय. काका, जरा दाबा ना." दोनतीनदा त्यांनी ऐकून घेतलं. मग रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "भाऊ, ते मागं ब्रदरला सांगा. मला नका सांगू."

मला वाटलं, काय दगड माणूस आहे!

आज वाटतं, ते दगड असते तर मी काय सांगतोय याने त्यांना फरकच पडला नसता. फरक पडत होता म्हणूनच त्यांनी मला थांबवलं. सर्जन शक्यतो स्वतःच्या मुलावर शस्त्रक्रिया करत नाही, तसंच काहीसं. आपल्याकडे माया म्हणजे समोरच्याचं दुःख आपलं करून घेणं. पण एखाद्याच्या हातात स्टिअरिंग असेल तर? समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत असेल, मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली असेल, तर? आणि गाडीत एकटे बाबा नव्हते. मी होतो, तो ब्रदर होता, घरी त्याचीही वाट बघणारं कोणीतरी असेल. मी त्याचा जीव बाबांच्या नावावर खर्चायला निघालो होतो. तेही त्याला न विचारता.

इथपर्यंत पटतं. पुढे मी अडखळतो.

कारण काहीच कळू न दिलेल्या वैमानिकाने 'नाही' म्हटलं, तर ते नाही नक्की कोणाला असतं? त्याच्यासाठी पलीकडे फक्त अंतर आणि वजन आहे. पलीकडे जो कोणी असतो, त्याला आपल्या वतीने बोलायची संधीच मिळालेली नसते. हिशेब बरोबर असेल, मान्य. पण त्याची किंमत दर वेळी स्ट्रेचरवरचाच माणूस मोजतो. त्याच्या बाजूने मन डळमळू देणारं कोणीच नसावं, हेही मला सहन होत नाही.

बाबा दवाखान्यात पोहोचले आणि पहाटे गेले. थोडं आधी आलो असतो तर? मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही.

त्या चालकांचा नंबर फोनमध्ये अजून आहे, 'ॲम्ब्युलन्स काका' या नावाने. एकदा लावला होता. उचलायच्या आत कट केला. त्यांचे आभार मानायचे होते की त्यांना काही विचारायचं होतं, हे माझंच ठरत नव्हतं.