उमेदवारीचे मोल

'उमेदवार' हा शब्द आज आपल्याला निवडणुकीच्या हंगामातच ऐकू येतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मात्र त्याचा आणखी एक अर्थ रूढ होता. कचेरीत पगाराविना राबणारा आणि पुढेमागे जागा मिळेल या आशेवर दिवस काढणारा तरुण म्हणजे उमेदवार. 'उमेद' म्हणजे आशा, आणि उमेदवारी म्हणजे आशेवर केलेली चाकरी. शब्दाचा हा अर्थ पुसट झाला असला, तरी तो व्यवहार संपलेला नाही. आता त्याला इंटर्नशिप म्हणतात. त्यामुळे जुनाच प्रश्न नव्याने विचारावा लागतो : आशा हे कष्टाचे मोल होऊ शकते काय?

पुण्याच्या शनिवार पेठेत हा प्रश्न डोळ्यांपुढे उभा राहतो. अभ्यासिका, खानावळी आणि कॉट बेसिसवर मिळणाऱ्या खोल्या यांच्या पाट्या तेथे गल्लोगल्ली दिसतात. अभ्यासिकेत बसणाऱ्यांपैकी पुष्कळजण स्पर्धा-परीक्षांची तयारी करीत असतात. त्यांच्याच शेजारी लॅपटॉप उघडून सॉफ्टवेअर शिकणारा विद्यार्थीही असू शकतो. त्याचे विद्यापीठ पडद्यावर असते. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाईन पदवी ही नेहमीच्या पदवीशी समकक्ष मानावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. कागदावर दोघे समान झाले. पण महाविद्यालयात जाणाऱ्याला वर्गमित्र असतात, शिफारस करणारे प्राध्यापक असतात, नोकरभरतीसाठी दाराशी येणाऱ्या कंपन्या असतात. पडद्यापुढे बसलेल्याला यांतले सारे स्वतःच शोधावे लागते. म्हणून अनुभवाचा दाखला देणारी कोणतीही कंपनी, कोणत्याही अटीवर, त्याला चालते. गरजवंताला अक्कल नसते, अशी आपल्याकडे म्हण आहे. खरे पाहता त्याला अक्कल असते, पर्याय नसतो.

फुकट उमेदवारीच्या समर्थनार्थ परंपरेचा दाखला दिला जातो. शिष्य गुरूच्या घरी पाणी भरीत नसे काय? थोरांनी अल्प वेतनावर आयुष्ये वेचली नाहीत काय? ज्या न्यू इंग्लिश स्कूलचे नाव शनिवार पेठेतील रमणबागेशी जोडले गेले आहे, ती शाळा १८८० साली सुरू झाली. पुढे १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी दरमहा ७५ रुपयांवर वीस-वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत घेतले. हा त्याग वंदनीय आहे. परंतु तो स्वेच्छेने आणि समाजाच्या हितासाठी केलेला होता. त्याग ज्याचा त्याने करायचा असतो; दुसऱ्याकडून तो वसूल करता येत नाही. वसूल केलेल्या त्यागाला शोषण हेच नाव शोभते.

परंपरेचाच दाखला हवा असेल, तर तो पुरता द्यावा. याच पेठांतून गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कोणी माधुकरी मागून शिकत. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले, ते अशाच मुलांसाठी. या व्यवस्थेला जातीची कुंपणे होती, हे विसरता येत नाही. आपल्या ख्रिस्ती मुलांसाठी तेव्हा मिशनची बोर्डिंगे होती. तथापि दोन्हींच्या मुळाशी तत्त्व एकच होते : शिकणाऱ्याच्या पोटाचा भार ज्याच्या घरी चूल पेटते त्याने उचलावा. आजच्या बिनपगारी इंटर्नशिपने हे तत्त्व उलटे केले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील एखादा शेतमजूर किंवा वसईतील रिक्षाचालक पुण्यात राहणाऱ्या आपल्या मुलाच्या कॉटचे आणि डब्याचे पैसे सहा महिने पाठवतो. त्या सहा महिन्यांत मुलगा कंपनीचे काम करतो. म्हणजे पूर्वी गाव विद्यार्थ्याला पोशीत असे. आता विद्यार्थ्याचे घर कंपनीला पोसते. आणि ज्या घराला ते पेलत नाही, त्या घरातील मुलीला वा मुलाला दारच बंद होते. गुणांची परीक्षा होण्याआधीच खिशाची परीक्षा होते.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. चार-पाच माणसांनिशी चालणारी लहान कंपनी म्हणेल : नवख्याला शिकवण्यात आमच्या जाणत्या माणसाचे तास जातात, त्याने लिहिलेला कोड आम्हालाच पुन्हा लिहावा लागतो, मग पैसे कशाचे द्यायचे? या म्हणण्यात तथ्य आहे. शिकवणे हेही एक मोलच आहे. पण ते खरोखर दिले गेले पाहिजे. आमच्या मते येथे एक सरळ कसोटी लावता येते. जोवर विद्यार्थी सरावाचे काम करतो आणि कोणी ते तपासून त्याला चूक दाखवते, तोवर तो विद्यार्थी आहे. ज्या दिवशी त्याचे काम ग्राहकाच्या हाती जाते आणि त्याचे बिल निघते, त्या दिवसापासून तो कामकरी आहे, आणि कामकऱ्याची मजुरी अडवून ठेवणे हे पवित्र शास्त्राने पापांत गणलेले आहे.

ही कसोटी नवी नाही. इटलीतील तुरीन शहरात संत जॉन बॉस्को खेड्यांतून कामासाठी आलेल्या मुलांना कारागिरांकडे ठेवीत. केवळ भरवशावर न सोडता ते मालकाशी लेखी करार करीत. सुतारकाम शिकणाऱ्या एका मुलासाठी ८ फेब्रुवारी १८५२ रोजी झालेला असा करार आजही उपलब्ध आहे. मुलाला त्याच्या धंद्याचेच काम द्यावे, चूक झाल्यास शब्दाने समज द्यावी, सणाचे दिवस मोकळे ठेवावेत, आणि मजुरी टप्प्याटप्प्याने वाढत जावी, असे त्यात मालकाकडून कबूल करून घेतले होते. 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात पोप तेरावे लिओ यांनी न्याय्य वेतनाचा विचार मांडला तो १८९१ साली. डॉन बॉस्को यांनी तो एका मुलापुरता चाळीस वर्षे आधीच कागदावर उतरवला होता. पोप चौदावे लिओ यांनी २०२५ साली आपले नाव निवडताना याच परिपत्रकाचे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रमापुढे उभ्या राहिलेल्या प्रश्नांचे स्मरण केले, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपला कायदाही या प्रश्नी मुका नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने विद्यावेतन देणे बंधनकारक केले. मात्र 'इंटर्न' या नावाने घेतलेला विद्यार्थी पुष्कळदा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना आरंभली, तेव्हा २१ ते २४ वर्षे वयाच्या तरुणांसाठी वर्षभर दरमहा ५,००० रुपये ठरवले. पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्याला तीत प्रवेश नव्हता. ऑनलाईन वा दूरशिक्षण घेणाऱ्याला होता. रक्कम तुटपुंजी खरी. शहरात राहण्या-जेवण्याचा मेळ तेवढ्यात बसणे कठीण. पण शिकणाऱ्यालाही पोट असते, हे तीत मान्य केलेले आहे.

पैशाहून अवघड देणे निराळेच आहे. ऑनलाईन शिकणारा विद्यार्थी पुष्कळदा इंटर्नशिपही घरूनच करतो. शिक्षण पडद्यावर, काम पडद्यावर, आणि मध्ये तो एकटा. सुताराच्या मुलाला निदान रंधा कसा धरतात हे शेजारी पाहता येई. या मुलाला आठवड्यातून एकदा तरी कोणी जाणत्याने बसवून, 'हे असे का केलेस?' असे विचारले नाही, तर त्याला विद्यावेतन मिळेल, पण विद्या मिळणार नाही.

न्याय दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो. पैसे भरले की महिन्याभरात इंटर्नशिपचे प्रमाणपत्र हाती ठेवणारी दुकाने निघाली आहेत. काम न करता मिळवलेला दाखला आणि काम करूनही न मिळालेली मजुरी, ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. दोन्हींत श्रम आणि त्याचे मोल यांची फारकत होते. असा दाखला आणणाऱ्या मुलाला 'काहीतरी तर मिळाले' म्हणून पाठीशी घालणारे आईबाप त्या असत्याचे भागीदार होतात.

मग करायचे काय? इंटर्नशिप स्वीकारण्याआधी मुलांनी आणि पालकांनी चार प्रश्न लेखी विचारावेत : काम कोणते, शिकवणार कोण, मुदत किती आणि विद्यावेतन किती? ज्यांची उत्तरे कागदावर येत नाहीत, तेथे सावध राहावे. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ माणसे हिंजवडीच्या आणि मुंबईच्या कंपन्यांत जबाबदारीच्या जागी आहेत. इंटर्न घेण्याचा निर्णय त्यांच्या टेबलावर येतो, तेव्हा हे चार प्रश्न त्यांनी आपण होऊन सोडवावेत. आणि ज्यांच्या हाती निर्णय नाही पण विद्या आहे, त्यांनी आठवड्यातील एक तास एखाद्या एकट्या विद्यार्थ्याला द्यावा. पूर्वीच्या घरांनी जेवणाचा वार दिला. आपण शिकवण्याचा वार देऊ शकतो.