मापात पाप

खोटं बोलू नये, असं लहानपणी सगळेच शिकवतात. आणि दारावर वसुलीवाला आला, की तीच मंडळी आपल्याला पुढे करतात, ‘सांग, बाबा घरी नाहीत म्हणून!’ खोट्यातलं हे डावं-उजवं कसं करायचं, ते मात्र कुणीच शिकवत नाही. मला ते शिकवलं ‘लव्ह मी टुनाइट’ नावाच्या हॉलिवूडच्या एका गाण्याबजावण्याच्या बोलपटानं. साल १९३२, दिग्दर्शक रूबेन ममूलियन.

मॉरिस शेव्हालिए त्यात पॅरिसचा शिंपी आहे. एका उमरावानं त्याच्याकडून ढीगभर कपडे शिवून घेतलेत आणि पैशांच्या नावानं बोंब! बिचारा वसुलीसाठी थेट त्या घराण्याच्या गढीवर जाऊन थडकतो. उधारीची वाच्यता नको, म्हणून उमरावच ओळख करून देतो, ‘हे बॅरन!’ शिंपीबुवाही गप्प राहतात. कारण समोर राजकन्या असते – जेनेट मॅक्डोनल्ड.

पुढे गाणी, प्रेम, शिकार सगळं यथासांग होतं. शिकारीत हा पठ्ठ्या हरणालाच वाचवतो आणि सगळ्यांना सांगतो, ‘हरिण झोपलंय, पाय न वाजवता परत जा!’ तरी कुणाला संशय नाही. पण राजकन्येचा घोडेस्वारीचा पोशाख बेंगरूळ शिवलेला दिसतो आणि त्याला राहवत नाही. तो स्वतः नवा शिवून देतो. पोशाख झकास बसतो, आणि त्यातच बिंग फुटतं. जीभ खुशाल बॅरन झाली होती. हातांना ते जमलं नाही.

मग गढीभर हलकल्लोळ. ‘शिंपी निघाला मेला!’ म्हणून नोकरचाकरसुद्धा हळहळतात. त्याचे कपडे धुणाऱ्या परटिणीलाही विटाळ झाल्यासारखं होतं. न फेडलेल्या उधारीचा सूट घालून हिंडणाऱ्या उमरावाला मात्र कुणी एका शब्दानं विचारत नाही! शिंप्याच्या खोट्यानं कुणाचा दमडीचा तोटा झाला नव्हता. उमरावाच्या खोट्यावर एका माणसाची चूल अडली होती. राजकन्येला हा हिशेब उशिरा कळतो. मग ती घोडा फेकत आगगाडीच्या पुढे जाते आणि रुळांवर उभी राहून गाडी थांबवते.

मी डोळे पुसले, उमरावाला मनसोक्त शिव्या दिल्या, आणि एकदम आठवलं, आपल्या शिंप्याचे शिलाईचे पैसे दिवाळीपासून राहिलेत! दुसऱ्या दिवशी नेऊन दिले. तो इतका दचकला, की अडवून ठेवलेली पँट त्यानं तिथल्या तिथे काढून दिली.

घरी येऊन घालून पाहिली. एक पाय चांगला दोन बोटं आखूड. हात खरंच खोटं बोलत नाहीत!