देवक: कुळाची खूण की कुळाचा देव?

देवक लग्नाआधी घरात बसवले जाते आणि लग्न पार पडले की उठवले जाते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मराठा व इतर अनेक जातींच्या घरी हा विधी होतो. मारुतीच्या देवळातून देवक वाजतगाजत आणतात, त्याची पूजा करतात, फांदी असेल तर ती मांडवाच्या मेढीला बांधतात. कुळागणिक देवक वेगळे असते. बहुतेक देवके झाडे-वेली आहेत: कळंब, मोरवेल, शमी, पाच झाडांच्या डहाळ्यांचे पंचपल्लव. काही पिसे आहेत, काही शस्त्रे, जशी पवारांची तलवारीची धार. कारागीर जातींत धंद्याचे अवजारच देवकाच्या जागी पुजतात. मोऱ्यांचे मोरपीस, साळुंख्यांचे साळुंकीचे पीस, कदमांचा कळंब अशी नावाशी जुळणारी देवकेही परंपरेत सांगितली जातात.

कुळाच्या किंवा राज्याच्या नावाशी जुळणारी खूण ही युरोपातही जुनी रीत आहे. स्पेनच्या राजचिन्हात कॅस्टिलसाठी किल्ला, लिऑनसाठी सिंह आणि ग्रॅनडासाठी डाळिंब आहे, कारण स्पॅनिशमध्ये ही नावे त्या वस्तूंच्या शब्दांशी जुळतात. सरदार घराण्यांच्या ढालींवर धर्मही उतरला. मेंदोसा घराण्याच्या ढालीवर मेरीमातेला केलेल्या वंदनाचे लॅटिन शब्द आहेत. ते वेगा कुळाकडून आले, आणि १३४०च्या सालादो नदीच्या लढाईशी त्यांची कथा जोडली जाते. पण ते शब्द ढालीवर असले म्हणून कोणी त्या ढालीची पूजा करत नाही. ढाल शत्रूला, शेजाऱ्याला, दरबाराला दाखवण्यासाठी असते. देवक बाहेरच्यांना दाखवायचे नसते. ते वाड्याच्या दरवाजावर कोरले जात नाही, त्याचे निशाण फडकत नाही. ते बंधन घालते ते घरच्यांवरच: देवकाचे झाड तोडायचे नाही, त्याचे फळ खायचे नाही, आणि ज्यांचे देवक तेच आहे त्यांच्या घरी सोयरीक करायची नाही.

मग देवक हा देव म्हणायचा का? कुळाला कुलदैवत वेगळे असतेच. या भागातील कित्येक घरांचा कुळाचार जेजुरीच्या खंडोबाला, तुळजापूरच्या भवानीला किंवा नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपूरच्या लक्ष्मीनृसिंहाला बांधलेला आहे. कुलदैवताला देऊळ असते, जत्रा असते, माहात्म्य असते. देवकाला यातले काही नाही. त्याला नवस बोलत नाहीत, त्याच्याकडे काही मागतही नाहीत.

इथे न्यायदर्शनातील जाती आणि व्यक्ती हा भेद उपयोगी पडतो. एक कळंब ही व्यक्ती, सगळ्या कळंबांत असलेले कळंबपण ही जाती. देवकाची पूजा होते ती एका फांदीची. निषेध मात्र जगातल्या सगळ्या कळंबांना लागू असतो. फांदी सुकते, विसर्जित होते, आणि तरीही निषेध कायम राहतो. स्पॅनिश ढालीतही जातीच महत्त्वाची असते: शब्दांत केलेले वर्णन पाळले की चित्र कोणत्याही हाताने काढले तरी चिन्ह तेच ठरते. देवकात चित्राने भागत नाही. तिथे खरी फांदी, खरे पीस, खरी तलवार लागते, कारण देवाचे आवाहन वस्तूत करायचे असते. म्हणून देवक विधीपुरते देव असते आणि एरवी व्रत असते, हे उत्तर परंपरेच्या आचाराशी सर्वांत जास्त जुळते.

सोयरिकीचा निषेध किती खोल जातो, हे सरदार घराण्यांच्या संबंधांतून कळते. इंदापूरला मालोजीराजे भोसले लढाईत पडले. त्यांची पत्नी फलटणच्या निंबाळकरांची आणि सून जिजाबाई सिंदखेडच्या जाधवांची. इंदापूर आणि सुपे हे परगणे पुढे त्यांचे पुत्र शहाजीराजांच्या जहागिरीत होते. अशा घराण्यांत जमीन, फौज आणि नाते एकत्र ठरे, आणि कुळाबाहेर सोयरीक करण्याच्या नियमामुळे प्रत्येक लग्न दुसऱ्या कुळाशी करार होई. देवक बापाच्या बाजूने चालते. लग्न झालेली मुलगी सासरचे देवक मानते. स्पेनमध्ये आईच्या घराण्याचे चिन्हही ढालीच्या एका चतुर्थांशात सांभाळले जाते. देवकात अशी जागा नाही, आणि आईच्या बाजूच्या वारशाचे हे पुसले जाणे या पद्धतीतील मोठी उणीव आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज अधिकारी एन्थोव्हेन यांनी मुंबई इलाख्यातील देवकांची नोंद केली आणि त्यांना टोटेम मानले. ही ओळख अपुरी आहे. टोटेम मानणाऱ्या अनेक समाजांत तो प्राणी किंवा वनस्पती पूर्वज मानली जाते. कदम मात्र आपण कळंबापासून जन्मलो असे म्हणत नाहीत. राजलांछनेही वेगळी: यादवांचा गरुड, चालुक्यांचा वराह ताम्रपटांच्या मुद्रांवर येतो आणि सत्ता जाहीर करतो. १८७७च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर यांनी संस्थानिकांकरिता युरोपीय धर्तीची चिन्हे आखली, ती याच जाहीर परंपरेत बसतात. देवक त्या निशाणांपासून दूरच राहिले, ते लग्नघरातल्या बायका-पुरुषांच्या हाती होते म्हणून.

आता ज्या घरांना मूळ देवक आठवत नाही, ती पंचपल्लवावर भागवतात. पूजा तशीच होते, पण पंचपल्लव इतक्या घरांचे झाले की त्यावरून सोयरीक नाकारता येत नाही. तिथे निर्णय कुळावरच होतो.