फिरते बटन आणि कृतकर्म

साकोलीच्या तहसील कचेरीबाहेर धानाच्या बांधाच्या तंट्याचे अर्ज टंकणाऱ्या एखाद्या अर्जनविसाने संगणकाच्या कळफलकावर फिरते बटन बसवून त्याच्याकडे, आवाज कमीजास्त करण्याचे क्षुल्लक काम न देता, बदल रद्द करण्याचे व पुनश्च आणण्याचे काम सोपविले, तर डावीकडे खटक्यागणिक मजकूर मागे सरेल, उजवीकडे पुन्हा उमटेल. त्या बटनाला आदि-अंत नाही. पोटातील दोन विद्युत्संकेतांपैकी कोणता आधी बदलला एवढ्यावरून दिशा कळते, स्थान नव्हे. पण मजकुराप्रमाणे कृतकर्मही असे परतविता येते काय? याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीकेच्या मते अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने नाहीसे होते. जाणूनबुजून पाप करणारा मात्र प्रायश्चित्ताने केवळ लोकव्यवहारास योग्य ठरतो. हा विवेक मला यंत्राहून श्रेष्ठ वाटतो. अर्ज दाखल होऊन आवक शिक्का उमटला, की बटन कितीही फिरवा, कचेरीतला कागद तसाच राहतो.