जागा देणारं द्रव्य

दोन इमारतींच्या मध्ये जी मोकळी जागा असते, ती काही करते का? की भिंत नाही, झाड नाही, माणूस नाही, एवढ्यालाच आपण मोकळी जागा म्हणतो? आपल्याकडच्या दर्शनांनी या प्रश्नावर शतकानुशतकं वाद घातला आहे. माझ्यापुढे तो रोजच्या कामातून येतो. मी शिरोळ तालुक्यात वायरलेस लिंक बसवतो. एका गच्चीवर एक डिश, समोरच्या गच्चीवर दुसरी, आणि मधून इंटरनेट. आमच्याकडे केबल टिकणं अवघड. रानात पाइपलाइनचे चर सारखे निघतात, जेसीबीच्या एका फटक्यात केबल तुटते. नदीकाठच्या गावांत 2019 सारखा महापूर आला की खांब, पेट्या सगळं पाण्यात. त्यामुळे माझा सगळा भरवसा त्या मधल्या जागेवर.

वैशेषिकांनी आकाश हे द्रव्य मानलं. ते एक, नित्य आणि सर्वव्यापी, आणि शब्द हा त्याचा गुण. गुण अनुभवाला येतो, तेव्हा तो धारण करणारं काहीतरी असलंच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. बौद्धांमध्ये सर्वास्तिवाद्यांनी आकाशाला अडथळा न करणारा, कशापासूनही न उपजलेला धर्म म्हटलं. सौत्रांतिकांना तेही मान्य नव्हतं. स्पर्श होईल अशी वस्तू तिथे नाही, एवढंच आपण आकाश म्हणून सांगतो, असं त्यांचं म्हणणं. नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या पाचव्या प्रकरणात आकाश तपासायला घेतलं आणि त्याला भावही ठरू दिलं नाही, अभावही ठरू दिलं नाही.

मी जैन घरातला. पाठशाळेत जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काळ ही सहा द्रव्यं पाठ केली. तत्त्वार्थसूत्राचा पाचवा अध्याय मात्र मी हे काम करायला लागल्यावर नीट वाचला. आमच्या दिगंबर परंपरेत त्याच्या कर्त्याला उमास्वामी म्हणतात. त्या अध्यायात प्रत्येक द्रव्य इतरांवर कोणता उपकार करतं, हे क्रमाने सांगितलं आहे. धर्मद्रव्य चालणाऱ्याला चालायला साहाय्य करतं, पण ढकलत नाही. टीकाकार माशाचा आणि पाण्याचा दृष्टांत देतात. अधर्मद्रव्य थांबणाऱ्याला थांबायला आधार देतं. आकाश सगळ्यांना राहायला जागा देतं. जीव एकमेकांवर उपकार करतात. एखादी गोष्ट कशाची बनली आहे हे विचारण्याऐवजी ती दुसऱ्याच्या कशी उपयोगी पडते हे विचारायचं, ही रीत मला फार मोलाची वाटते.

माझ्या कामात ही रीत कशी उतरते, ते एका लिंकवरून सांगतो. एक शाळा आणि तिचं वसतिगृह, मध्ये दीड किलोमीटर ऊस. संध्याकाळी मुलांना अभ्यासासाठी इंटरनेट हवं होतं. 5.8 गिगाहर्ट्झवर दोन डिश बसवल्या. अंतर, डिशची ताकद, वाटेतली घट यांची बेरीज-वजाबाकी करून सिग्नल उणे 52 डीबीएमच्या आसपास यायला हवा होता. एका मिलिवॅटच्या लाखाव्या भागाहूनही थोडा कमी, पण तेवढा पुरतो. प्रत्यक्षात उणे 63, म्हणजे त्याहून बराच कमी, येत होता. वसतिगृहाचं काम बघणारे अण्णा गच्चीवर माझ्याशेजारी उभे होते.

“लाइन तर मोकळी हाय की,” ते म्हणाले. “हितनं शाळेची टाकी सरळ दिसतीया.”

“दिसतीया अण्णा, पण लाटेला तेवढ्यानं भागत नाही.”

नजर रेषेत जाते, रेडिओची लाट तशी जात नाही. ती दोन टोकांमध्ये लांबट, मध्ये फुगीर अशा पट्ट्यातून जाते. या पट्ट्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ऑगस्टीन फ्रेनेल हा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा फ्रेंच इंजिनिअर. त्याने प्रकाशाबद्दल जे गणित मांडलं, तेच आमच्या डिशला लागू पडतं. सरळ वाटेपेक्षा अर्ध्या तरंगलांबीपर्यंत, म्हणजे इथे अडीच सेंटिमीटरच्या आसपास, जास्त लांब पडणाऱ्या सगळ्या वाटा त्या पट्ट्यात येतात. दीड किलोमीटरच्या लिंकला मधोमध त्याची त्रिज्या जवळजवळ साडेचार मीटर भरते. त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा ठेवावा, हा आमचा नियम. आमच्या रेषेच्या अगदी खाली, वसतिगृहापासून तीनशे मीटरवर, शेजारच्या रानातल्या चिंचेचा शेंडा होता. त्याने रेषा तोडली नव्हती, पण रेषेभोवतालची जागा घेतली होती. पानांतलं पाणी लाट पिऊन टाकतं ते वेगळंच.

“मग शेंडा उतरवूया,” अण्णा म्हणाले. “शेजारी आपलंच माणूस हाय, न्हाई म्हणायचं न्हाई.”

“शेंडा राहू दे अण्णा. आपला पोल दहा फूट वाढवूया.”

पोल वाढवला, तारांचे ताण दिले, डिश पुन्हा जुळवली. सिग्नल उणे 53 वर आला. चिंच जिथे होती तिथेच आहे.

आता सौत्रांतिक मला अडवेल. तो म्हणेल, नुकसान चिंचेने केलं. चिंच रेषेच्या पुरेशी खाली राहिली, लाट पोचली. यात आकाश नावाच्या वेगळ्या वस्तूने काय केलं? भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्याचं म्हणणं मला मान्य आहे. माझ्या मीटरवर आकाश हे द्रव्य सिद्ध होत नाही. विसाव्या शतकात काही अभ्यासकांनी धर्मद्रव्य म्हणजेच ईथर, प्रकाशाच्या लाटांसाठी एकेकाळी गृहीत धरलेलं माध्यम, असं लिहिलं, ते मला पटत नाही. 1887 साली मायकेल्सन आणि मोर्ली यांनी ईथरमधून जाणाऱ्या पृथ्वीच्या वेगाचा माग काढायचा प्रयत्न केला, तो लागला नाही. त्यानंतर लगेचच हर्ट्झने रेडिओ लाटा प्रयोगशाळेत दाखवल्या, आणि 1905 साली आइन्स्टाइनने ईथरची गरजच उरू दिली नाही. आगमांना विज्ञानाचं प्रमाणपत्र चिकटवल्याने आगमांचा मान वाढत नाही. त्यांचा प्रश्न निराळा आहे आणि तो अजून जिवंत आहे.

कारण सौत्रांतिकाचा अभाव तरी कसा आहे? त्याला आकार आहे, मोजमाप आहे, ठिकाण आहे. तो अमुक दोन गच्च्यांमध्ये, अमुक इतका रुंद असावा लागतो. तो कमी झाला की दोन्ही टोकांचं नुकसान होतं. पुढच्या काळातल्या वैशेषिकांनी अभावालाच सातवा पदार्थ मानलं, त्यामागची निकड मला गच्चीवर कळते. नाव द्रव्य ठेवा किंवा अभाव ठेवा, मोकळी जागा राखावी लागते, आणि ती राखणारा कुणीतरी असावा लागतो. म्हणून मी उमास्वामींच्या बाजूने उभा राहतो. जागा देणं हा उपकार आहे, आणि उपकार हे काम आहे.

माणसाच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे. आकाश स्वभावाने जागा देतं. आपल्याला ती ठरवून द्यावी लागते. आम्ही वापरतो त्या 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग भारत सरकारने 2018 मध्ये परवान्यातून मुक्त केला. अट अशी की दुसऱ्याला अडथळा करायचा नाही, दुसऱ्याचा अडथळा झाला तर संरक्षण मागायचं नाही, आणि पट्टा सगळ्यांनी मिळून वापरायचा. सरकारी अधिसूचनेची ही भाषा मला अणुव्रताच्या, म्हणजे गृहस्थाने पाळायच्या व्रताच्या, जवळची वाटते. जे कुणाच्याच मालकीचं नाही, ते वापरताना आवरायचं कोणी? वापरणाऱ्यानेच. अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त न घेण्याचं व्रत, पैशाअडक्यापुरता सांगितला जातो, पण ज्याची मोजदाद कुणी ठेवत नाही अशा गोष्टीतच त्याची खरी परीक्षा असते.

त्या वसतिगृहाला जेवढा वेग हवा होता, तेवढा कमी ताकदीतही मिळत होता. पोल वाढवल्यावर मी दोन्ही बाजूंची ताकद चौथाईवर आणली. सिग्नल उणे 59 झाला, मुलांच्या अभ्यासात काही फरक पडला नाही. चॅनेलही 80 ऐवजी 20 मेगाहर्ट्झचा ठेवला. उरलेली जागा पंचक्रोशीतल्या दुसऱ्या कुणाच्या लिंकला मिळेल. त्याला मी ओळखत नाही, आणि ओळखायची गरजही नाही.

या धंद्यातल्या माझ्या बांधवांना एवढंच सांगणं आहे. ताकद शेवटच्या काट्यापर्यंत चढवू नका. चॅनेल गरजेपुरता घ्या. कोयत्याआधी पोलचा विचार करा. आणि जे या धंद्यात नाहीत त्यांनीही बोलताना, बांधताना, बांध कोरताना स्वतःला विचारावं, की आपण घेतलेल्या जागेत दुसऱ्या कुणाची वाट होती का. असेल तर मागे सरावं. जो सरला, त्याने आकाशाचं काम केलं.